झाकणाखालचं कासव

समजा, तुम्हाला केक करायचा आहे. बेकरीतला नाही, घरातला. घरात ओव्हन नाही. असं काही यंत्र असतं, हे तुम्ही फक्त ऐकून आहात. तुमच्याकडे आहे एक वातीचा स्टोव्ह, एक जाड बुडाचं पातेलं, त्यात घालायला चाळून धुतलेली वाळू आणि वाळूवर ठेवायला जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, एक गोल डबा. डब्यात रवा, दही, साखर, तूप आणि सोडा एकत्र कालवून ओतलात. पातेल्यावर झाकण ठेवलंत. आता एकच काम उरलं. चाळीस मिनिटं काहीही करायचं नाही. वाटल्यास तांदूळ निवडा, पेपर वाचा, शेजाऱ्याशी भांडा. जमेल? तुम्हाला जमेल. तुमच्या आईला आणि बायकोला तर जमेलच. पण साखर कारखान्याच्या बॉयलरवर तुमची अठरा वर्षं गेली असतील, तर जरा अवघड आहे.

मच्छिंद्रनानांची गेली होती. राहुरीकडच्या एका कारखान्यात ते बॉयलर अटेंडंट होते. बॉयलरवरच्या माणसाचं काम म्हणजे बघणं. पाण्याची काच बघायची, दाबाचा काटा बघायचा, जाळ बघायचा आणि जे बघितलं ते वहीत लिहायचं. अठरा वर्षांत नानांनी न बघता एकही आकडा लिहिला नव्हता. बॉयलर अजून फुटला नाही तो या वहीमुळे, अशी त्यांची पक्की समजूत होती. बॉयलर सहसा फुटतच नाहीत, हे त्यांना सांगायला कोणी गेलं नाही.

१९७३ साली मात्र बॉयलरने नानांना घरी पाठवलं. आदल्या वर्षी पावसाने दडी मारली होती. ऊसच नव्हता, त्यामुळे गळीत जानेवारीतच आटोपलं. मार्च संपता संपता दुरुस्तीही उरकली. मग चीफ इंजिनिअर साहेबांनी नानांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की तुमची रजा इतकी साठली आहे की हेडक्लार्कच्या रजिस्टरात ती लिहायला रकाना पुरत नाही. ती आता घ्या. नानांनी विचारलं, घेऊन काय करू? साहेब म्हणाले, घरी बसा. साहेबांना रजेचे नियम माहीत होते. नानांचं घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या आणि पुढे ओटा, एवढं ते घर. त्यात अठरा वर्षं मालनबाईंचं राज्य विनातक्रार चाललं होतं. नाना पहिल्या दिवशी ओट्यावर बसले. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत आले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात शिरले आणि मग तिथून बाहेर पडले नाहीत. त्यांनी डब्यांना लाल रंगाने नंबर घातले. हळद चार नंबरला गेली आणि तिखट अकराला, त्यामुळे आमटी दोन दिवस पिवळीजर्द झाली. पाण्याच्या पिंपाला आतून खडूने रेघा मारून रोजची पातळी लिहायला सुरुवात केली. टँकर तीन दिवसांनी यायचा. पातळी खाली जाते, हे मालनबाईंना रेघांशिवायही समजत होतं. दुपारी त्या जरा आडव्या होऊ लागल्या, की नाना चार्ज मागायचे. उरलेल्या भाकऱ्या तीन, दूध अर्धा शेर, मांजर बाहेर, असं लिहून खाली सही. मालनबाई चौथी पास होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी हसत सही केली.

शेजारच्या बायका भाकरीच्या वेळेला गप्पा मारायला यायच्या आणि एकदा बोलण्याच्या नादात एक भाकरी करपली. नानांनी त्या करपलेल्या भाकरीची चौकशी केली आणि निष्कर्ष काढला. उरलेल्या लाल रंगातून एक पाटी रंगवून त्यांनी चुलीच्या वरच्या बाजूला ठोकली: ‘कामावरील माणसाशी बोलू नये.’ बायका यायच्या बंद झाल्या. मालनबाईंचं हसणंही बंद झालं.

पंधराव्या दिवशी त्यांनी नानांना समोर बसवलं.

“तुमी तिसगावला जावा,” त्या म्हणाल्या. “आमच्या रंगनाथकडं. त्याच्या इंजनाची राखण करा.”

रंगनाथ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तिसगावला त्याची शेती होती, विहीर होती आणि विहिरीवर ऑईल इंजिन होतं.

“विहिरीला पाणी कुठंय त्याच्या?” नाना म्हणाले.

“पान्याची राखण कोन सांगतंय? इंजनाची करा. दर घंट्याला बघून वहीत लिवा, की इंजन हाय.”

सासरवाडीला दोन दिवस गेलं तर माणूस पाहुणा असतो, आठ दिवस राहिला तर विषय होतो. कोरड्या विहिरीवरचं बंद इंजिन सांभाळत हंगामापर्यंत मेव्हण्याच्या दारात बसलेला जावई म्हणजे तर तिसगावच्या बाजाराला वर्षभर पुरेल एवढा माल. आणि मालनबाई बोलल्या म्हणजे झालं, हे नानांना ठाऊक होतं. मालनबाईंनी त्याच संध्याकाळी रंगनाथला पत्र लिहायला घेतलं होतं.

नानांना वाचवलं ते नगरहून आलेल्या दुसऱ्या पत्राने. त्यांची मुलगी चांगुणा नगरला दिली होती. तिने लिहिलं होतं, की रविवारी मुलीला घेऊन येते, त्या दिवशी तिला पाच वर्षं पूर्ण होतात. पोरीने इथल्या बेकरीच्या काचेत कासवाचा केक बघितला आहे आणि तेव्हापासून कासव, कासव करून जीव खाल्ला आहे. तिची समजूत काढा.

नानांनी समजूत काढायचं नाकारलं. “कासव मी करतो,” ते म्हणाले.

मालनबाईंनी पत्राचं भेंडोळं केलं, पदरात खोचलं आणि अटी सांगितल्या. रवा घरात तीन केकांपुरता आहे. वाण्याकडे आता मिलोशिवाय, त्या परदेशी तांबड्या ज्वारीशिवाय, काही मिळत नाही. गळ्यात माळ आहे, त्यामुळे अंडं चालणार नाही. आणि सगळं काम पहिल्यापासून शेवटापर्यंत नानांच्या पद्धतीनं.

“कासवाची पाठ वर आली तर हंगामापर्यंत इथंच ऱ्हावा, मी बोलायची न्हाई. न्हाई आली तर सोमवारची सकाळची यष्टी.”

नानांना ही अट सोपी वाटली. केक म्हणजे काय, तर उष्णता, वाफ आणि वेळ. तिन्ही गोष्टी त्यांच्या खात्यातल्या होत्या.

तरी ते माहिती घ्यायला राहुरीच्या पेठेत गनीभाईंकडे गेले. गनीभाईंची बेकरी जुनी. दिवाळीत अर्धा तालुका घरचा मैदा-तूप घेऊन त्यांच्याकडे नानकटाई भाजायला रांग लावायचा. नानांनी वही उघडून विचारलं, की भट्टीचं तापमान किती ठेवता? गनीभाईंनी उत्तर द्यायच्या ऐवजी शर्टाची बाही वर केली, हात भट्टीच्या तोंडात घातला आणि मोजायला लागले. पाचाला हात बाहेर काढला.

“पाचला चटका बसला तर पाव,” ते म्हणाले. “आठला बसला तर नानकटाई. बारापर्यंत हात ऱ्हायला तर केक.”

“आणि दुसऱ्या कोणाचा हात असला तर?”

“दुसऱ्याचा हात कशाला घालायचा, नाना? भट्टी माझी हाय.”

नानांनी ही पद्धत लिहून घेतली नाही. सरकारी इन्स्पेक्टर आला तर त्याला काय हात दाखवणार, असा त्यांचा विचार. सोडा किती, दही किती, वाळू किती वेळ आधी तापवायची, तेवढं मात्र घेतलं. निघताना गनीभाई म्हणाले, की बाकी काही नाही, फक्त त्याला जरा त्याच्या मनानं राहू द्या. नानांना हे वाक्य मोघम वाटलं, म्हणून तेही लिहिलं नाही.

मंगळवारी त्यांनी कासवाचा नकाशा काढला. वरून, समोरून आणि बाजूने. पाठीची उंची मध्यभागी तीन इंच, कडेला दीड. पाठीवर सुरीने चौकटी, चौकटीत खारकेचे तुकडे, पाय चार पेढ्यांचे, डोकं बेसनाच्या लाडवाचं आणि डोळे मिऱ्याचे. मालनबाईंनी नकाशा उलटासुलटा बघितला आणि विचारलं, की शेपटी? नानांनी एक लवंग वाढवली.

बुधवारी पहिला केक लागला. स्टोव्हसमोर पाट, पाटावर नाना, मांडीवर वही, शेजारी गजराचं घड्याळ. मालनबाई दारात तांदूळ निवडत बसल्या. दहा मिनिटं झाली, नानांनी सांडशीने झाकण उचललं, वाकून पाहिलं, ठेवलं आणि लिहिलं: ‘१० मि. कडा स्थिर. मध्य ओला.’ विसाव्या मिनिटाला पुन्हा उचललं. आतून भपकन वाफ आली, चष्मा धुरकट झाला. तो पुसून झाल्यावर नीट बघता आलं. ‘२० मि. फुगवटा पाऊण इंच. समाधानकारक.’ तिसाव्या मिनिटाला फुगवटा अर्धा इंच भरला. नानांना वाटलं, मापात चूक झाली असेल, म्हणून त्यांनी झाकण तसंच धरून फूटपट्टीने पुन्हा मोजलं. चाळिसाव्या मिनिटाला मधोमध खड्डा होता.

डबा उपडा करून केक ताटात घेतला, तेव्हा तो कासवासारखा दिसत होता, फक्त कासव पाठीवर पडल्यासारखं. मालनबाईंनी केक कुस्करला, वरून दूध शिंपडून वाफ दिली आणि त्याचा शिरा केला. शिरा चांगला झाला.

रात्रीपर्यंत नानांची चौकशी पूर्ण झाली. वाळू जाड होती. वात एका बाजूला कमी होती. सोडा जुना असण्याची शक्यता. बघणं हे कारणांच्या यादीत नव्हतं. बघणं म्हणजे काही करणं नव्हे. बघितल्याने कशात काही बदल होतो, असं त्यांच्या अठरा वर्षांच्या वह्यांत कुठेच नव्हतं. बॉयलरला बघायला काच असते, आणि काचेतून बघताना बॉयलरला थंडी वाजत नाही, हा फरक त्यांच्या ध्यानात आला नाही.

शुक्रवारी त्यांनी वाळू बारीक चाळली, वात कापली, गनीभाईंकडून ताजा सोडा आणला. आणि जास्त काळजी घ्यायची म्हणून नोंद दर पाच मिनिटांनी घ्यायचं ठरवलं. मालनबाई पुन्हा दारात. दर वेळी झाकण उचललं, की त्यांचे तांदळातले हात थांबायचे. त्या तोंड उघडायच्या, मग नजर वर जायची, चुलीवरची लाल पाटी वाचायची आणि तोंड मिटायचं. असं आठ वेळा झालं. नोंदी दुप्पट झाल्या, खड्डाही दुप्पट झाला.

त्याचे मालनबाईंनी लाडू वळले. एक लाडू खाऊन नाना म्हणाले, की लाडू छान आहेत. मालनबाई म्हणाल्या, की व्हय, तिसगावला नेता येतील, टिकतात.

शनिवारी त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढून ठेवली. नानांची. नानांनी दिवसभर दोन्ही दिवसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. नोंदी निर्दोष होत्या.

रविवारी सकाळी आठच्या गाडीने चांगुणा आणि नात आल्या. नातीने आल्या आल्या नकाशा पाहिला आणि कासवाला पाचवा पाय काढला. तो नानांनी खोडरबराने पुसला. साडेआठला शेवटचा केक चढला. नानांनी पेन्सिलला टोक केलं, घड्याळ लावलं. आणि दुसऱ्याच मिनिटाला ओट्यासमोर सायकल थांबली. कारखान्याचा शिपाई बन्सी आला होता.

बन्सीने दम न घेता सांगितलं, की उद्या इन्स्पेक्टर येतोय आणि साहेबांना जानेवारीची लॉगबुकं हवीत. लॉगबुकं कपाटात आणि कपाटाची किल्ली कोणाकडेच नाही.

ती नानांच्या कडदोऱ्याला होती. रजेवर जाताना त्यांनी चार्ज दिला होता, यादी दिली होती, यादीवर सहा सह्या घेतल्या होत्या. किल्ली मात्र कोणाच्या हातात द्यायला मन झालं नव्हतं. आताही झालं नाही. बन्सी म्हणाला, मी नेतो की. नाना म्हणाले, ती किल्ली चालवायची एक पद्धत आहे.

एकीकडे लॉगबुकं, दुसरीकडे केक. नानांनी घड्याळाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या. पण चार्ज दिल्याशिवाय ते निघणार नव्हते. त्यांनी वही आणि पेन्सिल मालनबाईंच्या हातात दिली.

“दर पाच मिनिटांनी झाकण उघडायचं, बघायचं आणि लिहायचं. चुकायचं नाही. आधी बघायचं, मग लिहायचं.”

“सगळं वहीत लिवायचं?”

“सगळं.”

“मग जावा तुमी निवांत,” मालनबाई म्हणाल्या आणि तांदळाचं सूप पुढे ओढलं.

नानांना परत यायला तासावर दहा मिनिटं लागली. साहेबांनी जानेवारीची लॉगबुकं चाळली, छान आहेत म्हणाले आणि नानांना चहा पाजला. परतताना त्यांना दोनदा तिसगावची यष्टी डोळ्यांपुढे आली, पुढच्या काचेवर पाटी लावलेली.

घरात शिरले तेव्हा स्टोव्ह विझलेला होता. परातीत कासव होतं. पाठ वर आलेली, मध्यभागी तीन इंचांहून जरा जास्तच, एका बाजूला हलकीशी तडकलेली, जुन्या कासवाची तडकते तशी. मालनबाई सुरीने चौकटी पाडत होत्या आणि नात एकेका चौकटीत खारीक रोवत होती. शेपटीची लवंग तिने डोक्याकडे लावली होती.

नानांनी आधी वही घेतली. आठ नोंदी होत्या. ‘५ मि. बरं चाललंय. १० मि. बरं चाललंय. १५ मि. फुगतंय. २० मि. फुगतंय. २५ मि. लई फुगतंय. ३० मि. तांबूस. ३५ मि. तांबूस. ४० मि. झालं.’ खाली सही: मालनबाई मच्छिंद्र.

नानांनी वही उजेडात धरली. पेन्सिल त्यांनी टोक करून दिली होती. दर पाच मिनिटांनी उचलून ठेवलेल्या पेन्सिलीचं अक्षर कसं असतं, ते त्यांना ओळखू येत होतं. एका नोंदीचा दाब दुसरीला नसतो. या आठही ओळी एका बैठकीत, एका श्वासात उतरल्यासारख्या होत्या. असलं लिहिणं त्यांनी आयुष्यात पाहिलं होतं. दुसऱ्या पाळीच्या वह्यांत पाहिलं होतं, आणि त्या पाळीवाल्यांशी त्यावरून वर्षानुवर्षं अबोला धरला होता.

त्यांनी चांगुणाला विचारलं. ती म्हणाली, मी टँकरवर पाण्याला गेले होते. मग त्यांनी नातीला जवळ घेऊन हळूच विचारलं, की आजीनं झाकण उघडलं होतं का गं?

नात म्हणाली, “मी आजीला विचारत होते. आजी म्हणली, कामावरच्या मानसाशी बोलू नये.”

शेवटी नाना मालनबाईंसमोर उभे राहिले. मालनबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली.

“हे बघा,” त्या शांतपणे म्हणाल्या. “वही खरी असंल, तर केक तुमच्या पद्धतीनं झाला. पयल्यापासून शेवटापर्यंत. तुमी जिंकला, ऱ्हावा इथं. वही खोटी असंल, तर तसं सांगा. मंग केक माझा, न यष्टी तुमची. ट्रंक भरायला मी मदत करते.”

नानांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. वही खरी मानावी, तर तेवढ्याच वेळा उघडलेल्या झाकणाखाली बायकोचा केक फुगतो आणि आपला बसतो, हे मानावं लागणार. खोटी मानावी, तर अठरा वर्षांचं बघणं आणि लिहिणं केकाला बाधलं, हे मानावं लागणार, आणि वर तिसगाव. नातीने कासवाचा एक पाय तोवर खाऊन टाकला होता.

नानांनी पेन्सिल घेतली आणि सहीच्या खाली लिहिलं: ‘तपासले. बरोबर आहे.’ न बघितलेल्या गोष्टीखाली त्यांनी केलेली ही पहिली सही. मालनबाईंनी ती वाचली आणि ट्रंक परत माळ्यावर चढवायला त्यांना हाक मारली.

कासव अर्ध्या वसाहतीने खाल्लं. मच्छिंद्रनानांनी केक केला, अशी बातमी कारखान्यापर्यंत गेली. गनीभाई मुद्दाम तुकडा चाखून गेले आणि म्हणाले, की बघा, त्याच्या मनानं राहू दिलंत ना. नानांनी मान डोलावली. शेजारच्या बायका भाकरीच्या वेळेला पुन्हा येऊ लागल्या. पाटी खाली उतरवलेली नव्हती, पण मालनबाईंनी तिच्यावर ओला टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली होती.

नाना हंगामापर्यंत घरीच राहिले. पिंपाच्या रेघा हळूहळू पुसल्या गेल्या, हळद परत तिखटाशेजारी आली. चार्ज मागायचं त्यांनी सोडून दिलं. एक गोष्ट मात्र सुटली नाही. दर चार-आठ दिवसांनी, भाकरी तव्यावर असताना, किंवा मालनबाई सुईत दोरा ओवत असताना, ते शेजारी येऊन बसत आणि वेगळ्या वळणाने तेच विचारत. मालनबाई ऐकून घेत आणि आपलं काम करत राहत.

शेवटी एका दुपारी ते वही बाजूला ठेवूनच आले.

“हे बघ, उघडलं होतंस का नाही, ते मी आता विचारत नाही,” ते म्हणाले. “ते माझ्या सहीनं मिटलं. पण समज, झाकण उघडलंच नव्हतंस. मग आत तांबूस झालंय, हे तुला बाहेरून कळलं कसं?”